न्हाणीघरांतील गॅसचा बंब

गॅसचा बंब बसवून कारागीर निघून गेला आणि तोटींतून कढत पाणी आलें, कीं काम चोख झालें असें घरमालकास वाटतें. परंतु तेवढ्यानें जोडणीची परीक्षा होत नाहीं. खिडकी नसलेल्या लहानशा न्हाणीघरांत बंब टांगला, जळका वायु बाहेर नेणारी नळी लावलीच नाहीं, तरीही पाणी तापतेंच! नळ जोडतां येतो तो बंबही जोडील, हा समज मोठा घातक आहे. ज्वलनास प्राणवायु अपुरा पडला म्हणजे कार्बन मोनॉक्साइड उत्पन्न होतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांतील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षां २०० पटींहूनही अधिक घट्ट धरून बसतो. डोकें जड होतें, पाय लटपटतात, आणि दाराची कडी काढण्याचेंही त्राण उरत नाहीं.

अशी जोडणी आढळल्यास सिलिंडरचा रेग्युलेटर तत्काळ बंद करावा. त्याच कारागिरास दुरुस्तीसाठीं पुन्हा बोलावूं नये. बंब बनविणाऱ्या कंपनीच्या अधिकृत माणसाकडून तो न्हाणीघराबाहेर, वारा खेळता राहील अशा जागीं हलवून घ्यावा; आंत केवळ पाण्याची नळी यावी. निळी ज्योत पिवळी दिसूं लागली तर बंब वापरणें थांबवावें. आंतून हाकेस उत्तर न आल्यास दार फोडून माणसास प्रथम मोकळ्या हवेंत आणावें व विलंब न करतां रुग्णालयांत न्यावें. तेथें त्यास प्राणवायु देतां येतो.