सांधा, सिग्नल आणि सिद्धता

भंडारा जिल्ह्यातील तुमसर रोड हे मुंबई-हावडा मार्गावरील जंक्शन आहे. येथून एक फाटा निघतो आणि मँगनीजच्या खाणींच्या मुलखातून मध्य प्रदेशातील तिरोडीकडे जातो. जेथे दोन लोहमार्ग एकत्र येतात तेथे रुळांना सांधा असावा लागतो. सांध्याचे टोकदार रूळ थोडेसे सरकवले की एका मार्गाऐवजी दुसरा मार्ग जोडला जातो. सांधा एका मार्गाला जोडलेला आणि हिरवा सिग्नल मात्र दुसऱ्या मार्गावरील गाडीला, असे क्षणभर झाले तरी अनर्थ ओढवेल.

हा अनर्थ टाळण्याची युक्ती जुनी आहे. इंग्लंडमध्ये जॉन सॅक्स्बी यांनी 1856 साली सांध्यांचे आणि सिग्नलांचे दांडे एकमेकांत अडकवण्याच्या यंत्रणेचे पेटंट घेतले. एक दांडा ओढला की त्याच्या विरोधातले दांडे जागच्या जागी अडकून बसत. यालाच इंटरलॉकिंग म्हणतात. केबिनमधील माणूस कितीही दमलेला असो, चुकीचा दांडा हलतच नसे. लोखंडाला भीड नसते! पुढे लोखंडी पट्ट्यांची जागा विजेच्या रिलेंनी घेतली आणि आता अनेक स्थानकांवर हे काम संगणक करतो. पण संगणकाच्या आत अडवायला लोखंड नाही. जे काही अडवायचे ते आज्ञावलीतील वाक्यांनीच अडवायचे. मग त्यातले एखादे वाक्य चुकले तर?

तुम्ही म्हणाल, आज्ञावली चालवून पाहावी. तसे करतातच. पण हिशेब करून पाहा. समजा, एका स्थानकावर सांधे, सिग्नल आणि गाडीची चाहूल देणारे रुळांचे तुकडे मिळून 40 गोष्टी आहेत आणि प्रत्येकीच्या दोनच अवस्था आहेत. म्हणजे एकूण अवस्था 2 चा 40 वा घात, सुमारे 1 लाख 10 हजार कोटी. सेकंदाला एक याप्रमाणे तपासत गेलो तर जवळजवळ 35 हजार वर्षे लागतील. आणि 40 ही संख्या लहान स्थानकाची झाली.

येथे भूमितीचा तास आठवा. त्रिकोणाच्या तिन्ही कोनांची बेरीज 180 अंश असते, हे आपण हजार त्रिकोण मोजून ठरवत नाही. एक समांतर रेषा काढतो, चार ओळींची सिद्धता लिहितो आणि जगातील सारे त्रिकोण, अजून न काढलेले सुद्धा, त्यात येतात. आज्ञावलीबाबतही असेच करता येईल काय? येते. या शाखेला फॉर्मल मेथड्स किंवा आकारिक पद्धती असे म्हणतात. नाव जड आहे, पण कल्पना तुमच्या वहीत बसेल एवढी सोपी आहे.

समजा, मुख्य मार्गावरील गाडीसाठी सिग्नल 'क' आहे, फाट्यावरून येणाऱ्या गाडीसाठी सिग्नल 'ख' आहे आणि दोघांत एकच सांधा आहे. (तुमसर रोडची खरी मांडणी यापेक्षा पुष्कळ मोठी आहे.) नियम तीन. 'क' हिरवा करायचा तर सांधा सरळ हवा. 'ख' हिरवा करायचा तर सांधा फाट्याला जोडलेला हवा. सांधा हलवायचा तर दोन्ही सिग्नल लाल हवेत. सिग्नल लाल मात्र केव्हाही करता येतो. सिद्ध करायचे ते असे: 'क' आणि 'ख' एकाच वेळी कधीही हिरवे होणार नाहीत.

त्यासाठी एक विधान घेऊ: "क हिरवा असेल तर सांधा सरळ असतो, ख हिरवा असेल तर सांधा फाट्याला जोडलेला असतो." आरंभी दोन्ही सिग्नल लाल आहेत, म्हणून विधान खरे आहे. आता कोणतीही एक कृती करा. सिग्नल लाल केला तर विधान बिघडत नाही. हिरवा केला तर पहिल्या दोन नियमांनी सांधा योग्य बाजूलाच आहे. सांधा हलवला तर दोन्ही सिग्नल लाल आहेत. म्हणजे कोणत्याही एका कृतीने विधान मोडत नाही, मग लाख कृतींनीही मोडणार नाही. आणि सांधा एकाच वेळी दोन्हीकडे असू शकत नाही, म्हणून दोन्ही सिग्नल एकदम हिरवे होणे अशक्य. सिद्धता संपली.

आता तिसरा नियम लिहिताना 'ख' चा उल्लेख राहून गेला, फक्त "क लाल हवा" एवढेच लिहिले गेले असे समजा. ख हिरवा आहे. क लाल आहे म्हणून सांधा सरळ केला. सांधा सरळ झाला म्हणून क हिरवा केला. दोन्ही हिरवे! हाच क्रम कोणी करून पाहिला नाही, तर ही चूक वर्षानुवर्षे दडून राहील.

अशा सिद्धतांचा पाया रॉबर्ट फ्लॉइड यांनी 1967 मध्ये आणि टोनी होअर यांनी 1969 मध्ये घातला. पण हजारो ओळींच्या आज्ञावलीची सिद्धता हाताने लिहिणे म्हणजे वेगळीच चूक ओढवून घेणे, म्हणून ते कामही संगणकालाच सांगावे हा विचार पुढे आला. सर्व शक्य अवस्था संगणकानेच पद्धतशीरपणे धुंडाळण्याची रीत 1980 नंतर निघाली. त्याबद्दल क्लार्क, इमर्सन आणि सिफाकिस यांना 2007 सालचे ट्युरिंग पारितोषिक मिळाले. ही रीत चूक असल्याचे नुसते सांगत नाही. वर आपण पाहिला तसा चुकीपर्यंत नेणारा क्रमही काढून देते. माझ्या मते तिचा खरा उपयोग यातच आहे.

पॅरिसच्या भुयारी रेल्वेचा 14 क्रमांकाचा मार्ग 1998 मध्ये सुरू झाला. त्यावर गाड्या चालकाविना धावतात. त्यांच्या सुरक्षिततेची आज्ञावली अशाच गणिती पद्धतीने रचली आणि सिद्ध केली होती. आपल्याकडेही हे काम चालते. मुंबईच्या आयआयटीत यासाठी स्वतंत्र केंद्र उभे राहिले. अणुऊर्जेच्या क्षेत्रात आज्ञावलीची चूक परवडणारी नाही हे ओघानेच आले. पुण्यात 1981 मध्ये स्थापन झालेल्या टाटा संशोधन विकास व अभिकल्प केंद्रातील संशोधकांनी 'व्हेरिअ‍ॅब्स' नावाचे साधन तयार केले. 2020 सालच्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत ते आपल्या गटात पहिले आले.

आता पुन्हा आपल्या सिद्धतेकडे वळू, कारण तिच्यात एक खोच आहे. गाडी 'क' ओलांडून आत आली की तिच्यामागे तो सिग्नल लाल होतो. ख लालच आहे. तिसरा नियम पाळला गेला, म्हणून सांधा हलवता येतो. पण गाडीचे डबे अजून सांध्यावरच आहेत! सिद्धता चुकली काय? मुळीच नाही. आपण "दोन्ही हिरवे होणार नाहीत" एवढेच मागितले होते आणि तेवढेच मिळाले. सांध्यावर गाडी असताना तो हलू नये, हे मागायचे राहिले. म्हणून त्या रुळांतून सौम्य वीजप्रवाह सोडतात. चाकांनी दोन रूळ जोडले गेले की रिले पडतो, आणि तो पडलेला असेपर्यंत सांधा हलवायचा नाही असा चौथा नियम घालतात. काय मागायचे हे मात्र रेल्वे ओळखणाऱ्या माणसालाच सांगावे लागते.

दुसरी मर्यादा अधिक कठोर आहे. सिद्धता कागदावरील सांध्याची असते, जमिनीवरील नव्हे. 2 जून 2023 रोजी ओडिशात बालासोरजवळ बहानगा बाजार स्थानकात कोरोमंडल एक्सप्रेसला मुख्य मार्गाचा हिरवा सिग्नल होता, पण सांधा बाजूच्या मार्गाला जोडलेला होता. तेथे मालगाडी उभी होती. 290 हून अधिक माणसे गेली. चौकशीत दोष निघाला तो सिग्नलच्या तारांच्या जोडणीत केलेल्या बदलांचा. सांधा कोणत्या बाजूला आहे याची जी बातमी यंत्रणेला मिळत होती, तीच खोटी होती. म्हणून तारांना हात लागला की एकाने जागेवर सांध्यापाशी उभे राहायचे, दुसऱ्याने पॅनेलपाशी, आणि प्रत्येक सांधा दोन्ही बाजूंना हलवून रूळ आणि दिवा जुळतात की नाही हे डोळ्यांनी पाहायचे, अशी तपासणी करावीच लागते.