पाणी ओसरलं, पंचनामा झाला. पण ओहोळाचं काय?

हमरापूर, ता. पेण (वार्ताहर) : पूर ओसरला की गावात पहिला प्रश्न असतो, "तलाठी कधी येणार?" प्रश्न बरोबरच आहे. पण पंचनामा होतो, नाव यादीत लागतं, कधी पैसे येतात, कधी राहून जातात, आणि गाळाने भरलेला ओहोळ आहे तसाच राहतो. पुढच्या आषाढात तेच पाणी पुन्हा त्याच घरात. म्हणून पूर गेल्यावर अर्ज एक नाही, दोन करायचे असतात. एक झालेल्या नुकसानीचा आणि दुसरा पाण्याच्या वाटेचा. पहिला बहुतेक जण करतात. दुसरा कोणाकडे, कसा आणि कधी करायचा हे फार थोड्यांना माहीत असतं. दोन्हींची माहिती इथे एकत्र देत आहोत.

आपल्याकडे पाणी तुंबतं का?

पेणच्या पूर्वेला डोंगर, पश्चिमेला खाडी आणि मधे सपाट खारेपाट. बाळगंगा, भोगावती, आंबा या नद्या लांबीला लहान, पण डोंगरावरचं पाणी काही तासांत खाली आणून सोडतात. वाटेत महामार्ग आणि पनवेल-रोहा रेल्वेचे भराव आडवे आहेत. तिथून पाणी फक्त पुलांखालून आणि मोऱ्यांतून जाऊ शकतं. त्याच्या खाली ओहोळ, आणि शेवटी खारबंदिस्तीच्या उघाड्या.

उघाडीचं काम सोपं आहे. भरती आली की तिचा दरवाजा बंद होतो, ओहोटी लागली की उघडतो आणि आतलं पाणी खाडीत जातं. दिवसात साधारण दोनदा भरती येते. म्हणजे पाणी बाहेर जायला रोज ठरावीक तासच मिळतात. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात ते आणखी कमी होतात. अशा वेळी मोरीत प्लास्टिक अडकलेलं असेल, ओहोळ गाळाने उथळ झाला असेल किंवा उघाडीचा दरवाजा सडलेला असेल, तर ओहोटीचे तास फुकट जातात आणि पाणी गावात थांबतं.

जुलै १९८९ ला जांभूळपाडा-नागोठणे, २६ जुलै २००५ आणि जुलै २०२१ ला महाड, असे मोठे पूर जिल्ह्याने पाहिले. तेवढा पाऊस कोणी थांबवू शकत नाही. पण दरवर्षी गुडघाभर पाणी शिरून जे नुकसान होतं, ते बरंचसं या तीन जागांवर अवलंबून आहे : मोरी, ओहोळ आणि उघाडी.

पहिला अर्ज : नुकसानीचा

शेतीचा पंचनामा तिघं मिळून करतात : तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी), ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी) आणि कृषी सहायक (आता सहायक कृषी अधिकारी). पिकाचं नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच मदत बसते. महसूल मंडळात २४ तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस नोंदला गेला की अतिवृष्टी धरतात. पाऊस नसताना नुसत्या उधाणाने बांध फुटून खारं पाणी शेतात शिरलं, तर हा पावसाचा हिशेब लागू पडत नाही. म्हणून पंचनाम्यात नुकसानीचं कारण नीट लिहून घ्या : बांध कुठे फुटला, कोणत्या तारखेला, खारं पाणी किती दिवस राहिलं.

राज्य आपत्ती प्रतिसाद निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेले दर असे आहेत :

• जिरायती पीक : हेक्टरी ८,५०० रुपये
• बागायती पीक : हेक्टरी १७,००० रुपये
• फळबाग : हेक्टरी २२,५०० रुपये
• शेतात ३ इंचांपेक्षा जास्त गाळ किंवा वाळू साचणे : हेक्टरी १८,००० रुपये
• नदीने पात्र बदलल्याने किंवा दरड कोसळून जमीन जाणे (अल्प व अत्यल्प भूधारक) : हेक्टरी ४७,००० रुपये
• दुभती गाय किंवा म्हैस : ३७,५०० रुपये, शेळी-मेंढी : ४,००० रुपये
• पक्क्या घराची अंशतः पडझड : ६,५०० रुपये, कच्च्या घराची : ४,००० रुपये

पिकासाठी या निकषात २ हेक्टरची मर्यादा आहे. मोठ्या आपत्तीत राज्य सरकार वेगळा शासन निर्णय काढून दर किंवा मर्यादा वाढवतं. त्यामुळे तुमच्या पुरासाठी कोणता शासन निर्णय लागू आहे हे तहसील कार्यालयात आधी विचारून घ्या.

आता हिशेब करून बघू. आपल्याकडे बहुतेकांची जमीन गुंठ्यात. २० गुंठे भात गेलं तर हेक्टरी ८,५०० च्या दराने हातात १,७०० रुपये येतात. तेवढ्याच जमिनीवर गाळ बसला तर ३,६०० रुपये. त्यात जेसीबी किती तास चालेल ते ज्याचं त्याने मोजावं. मदत सोडू नये, ती आपल्या हक्काची आहे. पण तिच्या भरवशावर शेत उभं राहत नाही, हेही समजून असावं.

पंचनाम्याच्या वेळी या गोष्टी सांभाळा :

• पीक आणि जमीन हे वेगळे मुद्दे आहेत. भात कुजलं आणि गाळही बसला, तर दोन्ही लिहून घ्या. गाळाची जाडी फूटपट्टी लावून मोजा आणि पट्टीसकट फोटो काढा.
• फोटोत तारीख आणि ठिकाण उमटेल असं मोबाईलमध्ये सेटिंग करा. घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ कुठपर्यंत आली ते पुसण्याआधी टिपा.
• ई-पीक पाहणी आणि शेतकरी ओळख क्रमांक (फार्मर आयडी) पावसाआधीच करून ठेवा. बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते बघा. पैसे तिथेच अडकतात.
• मेलेलं जनावर पुरण्याआधी पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवा.
• पंचनाम्यावर सही करण्याआधी वाचा. क्षेत्र, गट नंबर आणि टक्केवारी बघा, मगच सही करा.

यादीत नाव नसेल तर तोंडी विचारणा करत बसू नका. तहसीलदारांच्या नावे लेखी अर्ज द्या, आवक शिक्का मारलेली प्रत घ्या. उत्तर नाही आलं तर माहितीच्या अधिकारात तुमच्या गट नंबरच्या पंचनाम्याची प्रत मागा. ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

गणपती कारखानदारांनी काय करावं?

हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत या पट्ट्यात पुराचा काळ आणि गणपतीच्या घाईचा काळ एकच. वर्षभराची कमाई शेडमध्ये उभी असते आणि तेव्हाच पाणी शिरतं. मूर्ती हे पीक नाही, त्यामुळे शेतीच्या पंचनाम्यात ती येत नाही. घराच्या पंचनाम्यातही शेड वेगळी लिहून घ्यावी लागते.

आपत्ती निधीच्या निकषात हस्तकला कारागिरांसाठी वेगळी तरतूद आहे : अवजारांसाठी प्रत्येकी ५,००० आणि कच्चा किंवा तयार माल गेल्यास प्रत्येकी ५,००० रुपये. त्यासाठी सक्षम अधिकाऱ्याचा दाखला लागतो. म्हणून कारागीर म्हणून नोंद, उद्यम नोंदणी, ग्रामपंचायतीचा दाखला हे कागद आधीच तयार ठेवा. जुलै २०२१ च्या पुरानंतर राज्य सरकारने दुकानदारांना कमाल ५०,००० आणि टपरीधारकांना कमाल १०,००० रुपयांपर्यंत मदत जाहीर केली होती. अशा वेळी ज्यांचे कागद तयार असतात, त्यांचं काम आधी होतं.

भिजलेल्या मूर्ती लगेच टाकून देऊ नका. आधी आकारानुसार मोजणी करा, फोटो काढा, पंचनामा करून घ्या. बँकेचं कर्ज असेल तर मालाचा विमा उतरवलेला आहे का आणि त्यात पूर धरलेला आहे का, हे बँकेत जाऊन आजच विचारा. बऱ्याच जणांच्या खात्यातून हप्ता जातो, पण विमा कशाचा ते माहीत नसतं.

दुसरा अर्ज : पाण्याच्या वाटेचा

इथे सगळ्यात मोठी अडचण ही की ओहोळ नक्की कोणाचा तेच कळत नाही. एका कार्यालयात गेलं की दुसरीकडे पाठवतात. म्हणून आधी जागा ओळखा :

• खाडीकडचा बाहेरचा बांध आणि उघाडी : योजना सरकारी असेल तर खारभूमी विभाग. बांध खाजगी असेल तर जबाबदारी जमीनमालकांवर येते. म्हणून "आमचा बांध सरकारी योजनेत आहे का" हा पहिला प्रश्न लेखी विचारा.
• नदीचं पात्र : जलसंपदा विभाग.
• गावातला ओहोळ, नाला : ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषदेचा लघुपाटबंधारे विभाग किंवा मृद व जलसंधारण विभाग. रोजगार हमीतूनही नाल्याची कामं घेता येतात.
• रस्त्याची मोरी : ज्याचा रस्ता त्याची मोरी. गावरस्ता असेल तर जिल्हा परिषद, मोठा असेल तर सार्वजनिक बांधकाम विभाग, महामार्ग असेल तर महामार्ग यंत्रणा. रेल्वेखालची मोरी रेल्वेची.

अर्ज एकट्याने करण्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव जोडा. ठरावात "ओहोळ साफ करावा" एवढंच लिहू नका. कुठून कुठपर्यंत, अंदाजे लांबी, कोणते गट नंबर, किती घरांत पाणी शिरतं, कोणती मोरी बुजली, हे लिहा. पुराच्या वेळचे फोटो जोडा. तोच ठराव तहसीलदारांना आणि गटविकास अधिकाऱ्यांनाही द्या.

कोणी ओहोळ अडवला असेल तर

कधी ओहोळ गाळाने नाही, माणसाने बंद झालेला असतो. कोणी भराव टाकतो, कोणी कंपाउंड घालतो, कोणी शेतात जायला एक बारीक पाइप टाकून वर माती ओढतो. अशा वेळी भांडणात वेळ घालवू नका. मामलतदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ नुसार, नैसर्गिक पाण्याचा प्रवाह बेकायदा अडवल्याने शेतजमिनीचं किंवा पिकाचं नुकसान होत असेल, तर अडथळा काढण्याचा आदेश तहसीलदार देऊ शकतात.

मात्र यात मुदत आहे. अडथळा निर्माण झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत अर्ज करावा लागतो. उन्हाळ्यात भराव पडतो, पावसाळ्यात कळतं, गणपती-दिवाळीत विषय मागे पडतो आणि मुदत निघून जाते. सरकारी नाल्याच्या जागेवरचं अतिक्रमण असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ५० खालीही कारवाई मागता येते.

दुरुस्ती करताना हे सांभाळा

पैसे मिळाले आणि जेसीबी आला म्हणजे काम झालं असं नाही. चुकीचं खोदकाम झालं तर पुढच्या वर्षी त्रास वाढतो.

१. काम खालून वर न्यावं. आधी उघाडी, मग मोरी, मग ओहोळ. वरचा भाग मोकळा केला आणि खालची मोरी बुजलेली राहिली, तर पाणी जास्त वेगाने येऊन तिथेच तुंबतं.
२. काढलेला गाळ काठावर ढीग करून ठेवू नये. पहिल्या पावसात तो परत आत येतो.
३. भरतीचं पाणी जिथपर्यंत येतं, तिथे खोलीकरण विचारून करावं. गरजेपेक्षा जास्त खोल केलं की खारं पाणी आणखी वर चढतं, विहिरी आणि शेतं खारी होतात.
४. खाडीकाठची खारफुटी तोडू नये. मुंबई उच्च न्यायालयाच्या सप्टेंबर २०१८ च्या निकालाने कांदळवन तोडण्यावर बंदी आहे. बांधाच्या दुरुस्तीत खारफुटी आड येत असेल तर आधी परवानगीचा प्रस्ताव विभागानेच करावा, म्हणून ही गोष्ट ठरावात नमूद करा.
५. काठावरची करंज, निरगुडी, बांबू काढू नये. मोकळ्या काठावर वाळा लावावा. मुळं माती धरून ठेवतात.
६. माती, वाळू, मुरूम विकायला नेऊ नये. गौण खनिजाचा दंड मोठा असतो.

पूर्वी खारेपाटात जोळ असायची. ज्यांची जमीन बांधाच्या आत, त्यांच्या घरातला माणूस दुरुस्तीला यायचा. सरकारी योजना आल्या आणि जोळ मागे पडली. मोठं काम आता श्रमदानाने होणार नाही, पण मे महिन्यात मोऱ्यांतला कचरा काढायला आणि उघाडीचा दरवाजा हलतो का ते बघायला निधी लागत नाही.

पाठपुरावा केला तर काय होतं याचं उदाहरण कोकणातच आहे. २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडालं. मदत मिळाल्यावर तिथले लोक गप्प बसले नाहीत. चिपळूण बचाव समितीने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये उपोषण केलं, मुख्य मागणी : वाशिष्ठी आणि शिव नदीतला गाळ काढा. त्यानंतर गाळ काढायचं काम सुरू झालं. तिथेही मदतीची रांग वेगळी आणि नदीची मागणी वेगळी होती.

कधी काय करायचं?

• पूर आल्यावर लगेच : फोटो, पंचनामा, शिक्क्याची प्रत. तातडीची मदत लागली तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, १०७७.
• १५ ऑगस्टची ग्रामसभा : मोरी, ओहोळ, उघाडीचा ठराव.
• २ ऑक्टोबरची ग्रामसभा : पुढच्या वर्षाच्या गाव विकास आराखड्यात काम घालणे.
• दिवाळीनंतर : संबंधित विभागाकडे पाहणी आणि अंदाजपत्रकाचा आग्रह. अडथळ्याचा अर्ज राहिला असेल तर सहा महिन्यांची मुदत तपासणे.
• २६ जानेवारीची ग्रामसभा : मंजुरी कुठे अडली ते विचारणे. इथपर्यंत मंजुरी नसेल तर पावसाआधी काम होणं कठीण.
• एप्रिल-मे : कामावर लक्ष, मोऱ्यांची सफाई.

मे महिन्यात अर्ज घेऊन गेलेल्याला कार्यालयात "आता पावसाळ्यानंतर बघू" असं उत्तर मिळतं, आणि पावसाळ्यानंतर आपणच विसरतो. यंदाच्या पुराचे फोटो अजून मोबाईलमध्ये असतील. ते डिलीट करू नका, ठरावाला जोडा.