'एज ऑफ एम्पायर्स २' लॅनवर जोडताना

१९९९ सालचा मूळ 'एज ऑफ एम्पायर्स २' लॅनवर खेळण्यासाठी डायरेक्टप्ले वापरतो. विंडोज १० मध्ये हा घटक असतो, पण बंद. 'विंडोज फीचर्स'मधल्या 'लेगसी कंपोनंट्स'खाली तो सुरू करावा लागतो. सर्व संगणक एकाच राउटरवर हवेत आणि खेळाची आवृत्ती सगळीकडे एकच हवी. जोडणीसाठी टीसीपी/आयपी निवडावे. आयपीएक्स या जुन्या पर्यायाला विंडोज व्हिस्टापासून थाराच उरलेला नाही.

खरी डोकेदुखी पुढची: एकाने खेळ उघडला तरी इतरांच्या यादीत तो दिसत नाही. खेळ शोधणारा संदेश ब्रॉडकास्टने जातो. संगणकात व्हीपीएनचे किंवा व्हर्च्युअलबॉक्सचे आभासी अडॅप्टर असले, तर तो संदेश भलत्याच वाटेने निघून जाऊ शकतो. असे अडॅप्टर खेळापुरते बंद ठेवावेत. खेळ उघडणाऱ्याचा आयपी पत्ता थेट टाकून पाहणेही फार उपयोगी.

तरीही अडले, तर फायरवॉल. ती सरसकट बंद करणे चुकीचेच. नेटवर्क 'प्रायव्हेट' ठरवून खेळाला परवानगी द्यावी. टीसीपीचे ४७६२४ आणि टीसीपी-यूडीपी दोन्हींचे २३०० ते २४०० हे पोर्ट मोकळे लागतात. वायफायचे 'गेस्ट' नेटवर्क बऱ्याचदा उपकरणांना एकमेकांपासून तोडते, म्हणून ते टाळावे. केबल असेल तर तीच लावावी.