ओटीपी नवऱ्याच्या फोनवर, आणि नवरा समुद्रात! अॅपचं लॉगिन कसं निवडायचं?

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने 'लाडकी बहीण' योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची केली. आधी बाईच्या आधारचा ओटीपी, मग नवऱ्याच्या किंवा वडिलांच्या आधारचा. म्हणजे दीड हजार रुपये बाईचे, पण अर्धी किल्ली दुसऱ्याच्या फोनमध्ये.

आता श्रीवर्धन-मुरूडच्या एखाद्या कोळीवाड्याचा विचार करा. सप्टेंबर म्हणजे मासेमारीचा हंगाम. नवरा बोटीवर, फोन रेंजच्या बाहेर आणि ओटीपी काही मिनिटांत बाद. नवरा आणि वडील दोघंही हयात नसतील तर? अशा महिलांसाठी पुढे कागदपत्रं जमा करण्याची वेगळी सोय करावी लागली. मुदतही १८ नोव्हेंबरवरून ३१ डिसेंबरपर्यंत वाढली.

मुद्दा असा की लॉगिनची पद्धत ठरवताना चोराला कसं अडवायचं हे सगळे बघतात. खरा माणूस कुठे अडकेल, हेही बघावं लागतं.

पर्याय कोणते?

पासवर्ड: कुठल्याही फोनवर चालतो. पण लोक विसरतात, किंवा सगळीकडे एकच ठेवतात. एका ठिकाणी फुटला की सगळीकडे धोका.

एसएमएस ओटीपी: लक्षात काही ठेवायला नको. पण रेंज लागते, नंबर बदलला की पंचाईत होते आणि भामटे गोड बोलून तो काढून घेतात.

ऑथेंटिकेटर अॅप: साधारण दर ३० सेकंदांनी नवा कोड फोनमध्येच तयार होतो, त्यासाठी रेंज लागत नाही. फोन हरवला तर मात्र रिकव्हरी कोड जपून ठेवलेला हवा.

बोटाचा ठसा: सोपा. पण जाळी ओढून, कष्ट करून बोटं झिजली की मशीन ओळखत नाही. आणि पासवर्ड बदलता येतो, बोट नाही.

पासकी: फोनच्या लॉकनेच लॉगिन होतं. सांगण्यासारखा कोडच नसल्याने फोनवरून फसवता येत नाही, आणि खोट्या वेबसाइटवर ती चालत नाही. मात्र घरात सगळ्यांचा मिळून एकच फोन असेल तर अडचण.

मग निवडायचं काय?

समजा दिवेआगरच्या होमस्टेंसाठी अॅप बनवताय. खोल्या नुसत्या बघायला लॉगिन कशाला? बुकिंगला पासकी किंवा ओटीपी पुरे. पैशांचा मामला आला की एका कुलपावर भागत नाही. डिजिटल पेमेंटला किमान दोन वेगळे पुरावे हवेत, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. १ एप्रिल २०२६ पासूनच्या नव्या नियमांत एसएमएस ओटीपीशिवाय इतर पर्यायांनाही वाव दिला आहे.

आणि पद्धत कुठलीही घ्या, दुसरा मार्ग पहिल्या दिवसापासून ठेवा. फोन पाण्यात पडला, नंबर बंद झाला, ठसा जुळला नाही, तर माणसाने काय करायचं? याचं उत्तर अॅपमध्ये नसेल, तर तुमचं कुलूप चोराआधी मालकालाच बाहेर ठेवेल.