परसातल्या झाडांचे दप्तर

मराठेशाहीतली इनामपत्रे वाचताना एक शब्दमालिका पुन्हा पुन्हा भेटते. जमीन द्यायची ती जल, तरू, तृण, काष्ठ, पाषाण, निधी, निक्षेप यांसह. पाण्याच्या लगोलग झाड येते. जमीन म्हणजे नुसती माती नव्हे, हे त्या लेखनिकाला पुरते ठाऊक होते. मात्र सनदेत ‘तरू’ एवढे म्हटले की त्याचे काम भागत असे. कोणते झाड, किती, कुणी लावलेले, कुठल्या बाजूला, हे तिथे सापडत नाही. ते गावाला तोंडपाठ होते, म्हणून लिहिण्याची गरज नव्हती. गाव ते विसरत गेले आणि घराभोवतीचे झाड हळूहळू बिनकागदाचे झाले. ते कसे झाले आणि त्यावर घरच्या माणसाला काय करता येईल, हे पाथर्डी तालुक्यासारख्या दुष्काळी मुलखाच्या आधाराने पाहण्याजोगे आहे.

शेतातल्या झाडाला निदान कागद आहे. सातबारा हा गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा यांचा मिळून बनलेला उतारा. त्यातल्या बाराच्या शेऱ्यात ‘आंबे ३, चिंच १’ अशी नोंद घेण्याची पद्धत जुनी आहे. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २५ प्रमाणे धारकाच्या जमिनीत उभ्या असलेल्या झाडांवरचा हक्क सर्वसाधारणपणे धारकाचा असतो, पण तो सिद्ध करायची वेळ आली की लोक हाच शेरा काढून दाखवतात. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि शेतकऱ्याला स्वतःच्या मोबाइलवरून पिकांबरोबर बांधावरची झाडेही नोंदवता येऊ लागली. कुणी ती मनापासून नोंदवतो, कुणी पिकाची नोंद झाली की मोबाइल खिशात टाकतो. तरी सोय आहे.

घराचे तसे नाही. जे मळ्यात, वस्तीवर राहतात त्यांचे अंगण सातबाऱ्याच्या क्षेत्रातच येते. पण गावठाणातल्या घराला सातबारा नसतो. त्याचा कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना आठ, नाहीतर मिळकत पत्रिका. घर मातीचे की विटांचे, छप्पर पत्र्याचे की स्लॅबचे, क्षेत्र किती, कर किती, हे तिथे मिळते. दारातली तीन पिढ्यांची चिंच मिळत नाही.

पाथर्डी शहरात नगरपरिषद आहे, म्हणून तिथे आणखी एक कायदा लागू होतो : महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५. हा कायदा वाचताना दोन गोष्टींशी मी थबकलो. एक म्हणजे त्यातली झाडाची व्याख्या. कोणतीही बहुवर्षायू काष्ठमय वनस्पती म्हणजे झाड, मग ते रोपाच्या अवस्थेत का असेना. आणि जमिनीलगत फांद्या फुटणारी झुडपेही त्यात धरलेली आहेत. म्हणजे कुंपणाची मेंदी, दारची जास्वंद आणि न्हाणीमागचे डाळिंबही कायद्याच्या लेखी झाडच. दुसरी गोष्ट वृक्ष प्राधिकरणाच्या कर्तव्यांत आहे. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची, आणि जरूर वाटेल तेव्हा मालकांकडून व भोगवटादारांकडून त्यांच्या जागेतल्या झाडांच्या संख्येचे निवेदन घ्यायचे. थोडक्यात, घरच्या झाडांची यादी घरच्यानेच द्यावी, ही कल्पना पन्नास वर्षांपूर्वीच कायद्यात लिहून ठेवलेली आहे. ती किती घरांपर्यंत पोचली, हे वाचकाने आपल्या घरावरून ताडावे.

आता याच कायद्यात २०२१ मध्ये झालेली सुधारणा पाहा. पन्नास वर्षे वा त्याहून जुने झाड ‘वारसा वृक्ष’ ठरते, आणि झाड तोडायची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावायची. सगळा हिशेब वयावर येऊन ठेपला. आणि वय तर कुणीच लिहून ठेवलेले नाही.

बुंध्याच्या घेरावरून वय काढता येते असा एक समज आहे. पाऊसपाणी नेमाने मिळणाऱ्या प्रदेशात अंदाज बरा उतरतही असेल. गर्भगिरीच्या पायथ्याशी तो फसतो. इथे झाडाची जाडी वर्षे सांगत नाही, पाणी सांगते. एकाच पावसाळ्यात उगवलेले दोन लिंब घ्या. एकाला न्हाणीचे सांडपाणी मिळाले, तर वीस वर्षांत त्याच्या बुंध्याला कवेत घेता येत नाही. दुसरा दहा पावलांवर मुरमात राहिला, तो अजून मनगटाएवढा. उद्या परका माणूस मोजपट्टी घेऊन आला, तर पहिल्याला म्हातारा आणि दुसऱ्याला पोर ठरवून जाईल. खरे वय माहीत असते ते घरातल्या एखाद्या आजीला. ती आकडा सांगत नाही. ‘बहात्तरच्या दुष्काळात हे गुडघ्याएवढे होते, भांडी धुतलेले पाणी घालून जगवले’ असे सांगते. हा पुरावा पक्का आहे. १९७२ चा दुष्काळ, सुकडीचे दिवस, गावात वीज आली ते वर्ष, घरातले लग्न, अशा खुणांना झाडे बांधलेली असतात. फक्त ती गाठ आजीबरोबर सुटते. घरच्या दप्तरात सगळ्यांत आधी लिहावी ती हीच गोष्ट. घेर उद्याही मोजता येईल.

लागवडीचे वर्ष जसे, तशीच नावे. झाडांच्या यादीत सर्वाधिक घोटाळा नावांचा होतो. आमच्याकडे लिंब म्हटले की कडुनिंब. आंबट फळाचे ते लिंबू किंवा लिंबोणी. पण बकाणा लिंब वेगळा आणि गोडलिंब म्हणजे कढीपत्ता आणखी वेगळा. शास्त्रीय नावे पाहिली तर अझाडिरॅक्टा इंडिका, मेलिया अझेडरॅक आणि मुराया कोनिगी अशी तीन निराळी झाडे एका ‘लिंबा’त बसलेली आहेत. बाभळीचे तसेच. गावठी बाभूळ, तिचाच उभ्या फांद्यांचा रामकाठी प्रकार, देवबाभूळ, सुबाभूळ आणि कुणीही न लावता पसरलेली वेडी बाभूळ. विलायती चिंचेचे तर चिंचेशी जवळचे नातेच नाही. दसऱ्याला आपटा समजून कांचनाची पाने ओरबाडली जातात ती याच गोंधळापायी.

म्हणून शास्त्रीय नावेच लिहावीत, असे कुणी म्हणेल. लिहावीत, पण त्यांच्याही स्थैर्यावर फार विसंबू नये. आपल्या बाभळीचे अ‍ॅकॅशिया निलोटिका हे नाव वनस्पतिशास्त्रज्ञांच्या आंतरराष्ट्रीय परिषदांतल्या वादानंतर व्हॅचेलिया निलोटिका झाले. अ‍ॅकॅशिया हे नाव ऑस्ट्रेलियातल्या झाडांकडे गेले. वेड्या बाभळीचे प्रोसोपिस हे कुलनामही २०२२ मध्ये बदलून नेल्टुमा झाले. गावातली बाभूळ या काळात बाभूळच राहिली. तेव्हा पहिल्या रकान्यात घरात बोलले जाते ते नाव, जसे बोलतात तसे. दुसऱ्यात प्रमाण मराठी नाव, आणि जमल्यास तिसऱ्यात शास्त्रीय. गावरान आंब्यांच्या बाबतीत तर आणखी एक रकाना लागेल, कारण त्यांतल्या प्रत्येक झाडाला स्वतःचे नाव असते : शेप्या, खोबऱ्या, गोटी, शेंद्र्या. कोयीपासून उगवलेला प्रत्येक आंबा चवीने निराळा, त्यामुळे ही नावे लाडाची नाहीत, ओळखीची आहेत. झाड गेले की ती चव जाते, आणि नाव लिहिलेले नसेल तर ती होती हेही जाते.

मोजणीसाठी शिंप्याचा टेप पुरतो. थोराड वडा-पिंपळाला सुतळी गुंडाळून मग ती सुतळी मोजावी. घेर जमिनीपासून साडेचार फुटांवर, म्हणजे १.३७ मीटरवर घेण्याचा प्रघात आहे. उतारावर झाड असेल तर चढाच्या बाजूने उंची धरायची. त्या उंचीच्या खालीच दोन खोडे फुटली असतील तर दोन्ही मोजायची आणि झाड एकच लिहायचे. घेराला ३.१४ ने भागले की व्यास. डाळिंब, सीताफळ, निर्गुडी, अडुळसा, कण्हेर यांना एक बुंधा नसतोच; तिथे फुटव्यांची संख्या, उंची आणि पसारा लिहिला की झाले. क्रमांक द्यायचे ते दरवाजातून निघून प्रदक्षिणेच्या दिशेने, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्याने मोजले तरी क्रम तोच राहतो. खोडाला पत्र्याची चकती खिळ्याने ठोकू नये. खिळा झाडाला इजा करतो आणि खोड वाढले की चकतीही गिळली जाते. कागदावर हाताने काढलेला नकाशा पुरे. आड, हौद, उंबरा आणि शेजारची भिंत यांपासूनची पावले त्यावर लिहावीत.

भिंतीत उगवलेला पिंपळ लिहायचा का? लिहायचा. तो उपटायला कुणी धजत नाही, आणि दहा वर्षांनी भिंत पाडायची वेळ येते तेव्हा तो किती वर्षांचा यावर वाद होतो. केळीचा बुंधा पानांच्या देठांचा बनलेला, त्यात लाकूड नाही, म्हणून कायद्याच्या व्याख्येत ती बसत नाही. तिला शेवटच्या पानावर वेगळी जागा द्यावी. तुळशीचे ज्याचे त्याने ठरवावे. आपोआप आलेली, पाखरांनी पेरलेली झाडे मात्र गाळू नयेत. कोरड्या मुलखातल्या परसात लावलेल्यांपेक्षा आलेलीच अधिक टिकलेली आढळतात. बोर, लिंब, सौंदड यांना कुणी पाणी घातले नव्हते आणि तरी ती आहेत, हीच त्यांच्याबद्दलची मोठी माहिती.

हा सगळा खटाटोप उपयोगाला येतो तो तीन प्रसंगी. पहिला भावांच्या वाटणीचा. घर, जागा, भांडी वाटली जातात आणि चिंच राहून जाते. तिचा बुंधा थोरल्याच्या हद्दीत, सावली धाकट्याच्या ओट्यावर. चिंचेचे झाड व्यापाऱ्याला उक्ते देण्याची पद्धत इकडे आहे, नगरची बाजारपेठ चिंचेसाठी नावाजलेली आहे, तेव्हा हा प्रश्न पैशाचाही असतो. दुसरा प्रसंग भूसंपादनाचा. कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग पाथर्डीवरून जातो; असे रस्ते रुंद होतात तेव्हा कडेची घरे आणि परसे मोजली जातात. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २९ मध्ये झाडाझुडपांचे मूल्य ठरवायला शेती, वनीकरण, फलोत्पादनातल्या अनुभवी व्यक्तीची मदत घेण्याची तरतूद आहे. पण तो जाणकार एका दिवसासाठी येतो. त्या दिवशी जे दिसेल आणि जे मालक पुराव्यानिशी दाखवील तेवढेच पंचनाम्यात उतरते. वैशाखात पानगळ झालेले सीताफळ काटक्यांचा ढीग वाटू शकते. त्याची पाच वर्षांची फळांची नोंद समोर ठेवली तर बोलणे वेगळे होते. तिसरा प्रसंग तोडीचा. वृक्षतोड विनियमन अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत आंबा, चिंच, जांभूळ, चंदन, खैर आहेत; कडुनिंब आणि बाभूळ नाहीत. आपल्या परसातले कोणते झाड कुठल्या यादीत बसते, हे कुऱ्हाड हातात घेण्याच्या आधी कळलेले बरे. आणि ज्याने चंदन लावले आहे त्याने तर पहिल्या वर्षापासून लेखी नोंद ठेवावीच. चंदन चोरीला जाते, आणि ते आपलेच होते हे नंतर सांगत बसावे लागते.

सरकारी वहीवर सगळा भार टाकावा का? जैविक विविधता कायदा, २००२ खाली गावोगावी लोकजैवविविधता नोंदवही ठेवायची आहे, आणि तिच्यामागची दृष्टी मोठी आहे. पण ती गावाची वही. तिच्यात ‘गावात चिंच आढळते’ असे येईल. तुमच्या आडाजवळची चिंच तिच्यात येणार नाही, यायलाही नको. ती घरानेच लिहायची.

लिहायचे कधी, याला पाथर्डीत एक खास अडचण आहे. दिवाळी झाली की इथली कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला निघतात, ती साखर कारखान्यांचा हंगाम संपेपर्यंत परतत नाहीत. म्हणजे बोरे पिकतात, सौंदडीला शेंगा धरतात, लिंब पाने गाळतो आणि मोहरतो, तेव्हा घरचा कर्ता माणूस फडात असतो. घरी असतात म्हातारी माणसे आणि शाळेची पोरे. त्यामुळे हे दप्तर कर्त्या पुरुषाने ठेवायचे, असा हट्ट धरू नये. पाहणार आजी आणि लिहिणार नातू, ही जोडी या कामाला अधिक योग्य. वयाच्या नोंदी तिच्याकडे आणि अक्षर त्याच्याकडे. निघण्यापूर्वी एकदा सगळ्यांनी मिळून फेरी मारावी, पानांवरून झुडपे ओळखता येतात. चैत्रात दुसरी फेरी, तेव्हा मोहर दिसतो आणि दुष्काळाने काय नेले तेही.

मोहराची नोंद करताना तिथी आणि इंग्रजी तारीख दोन्ही लिहाव्यात. पाडव्याला लिंबाचा मोहर लागतो, म्हणून ‘पाडव्याला मोहर होता’ अशी नोंद सोपी वाटते. पण पाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता आणि मधल्या अधिक श्रावणामुळे २०२४ मध्ये ९ एप्रिलला. अठरा दिवसांचा फरक. नुसत्या तिथीवरून झाड लवकर फुलले की उशिरा, हे कळायचे नाही.

इंग्लंडमध्ये नॉर्फक परगण्यात रॉबर्ट मार्शम नावाच्या जमीनदाराने १७३६ मध्ये आपल्या वाडीतल्या अशाच नोंदी सुरू केल्या : कोणत्या झाडाला पहिले पान कधी फुटले, कोणते फूल कधी उमलले. तो गेल्यावर मुलाने, मग नातवाने, असे करत त्या घराण्याने हे काम १९५८ पर्यंत चालवले. हवामानबदलाचा अभ्यास करणारे आज त्या वह्या उघडतात. त्याच्याजवळ जमीन होती, सवड होती, हे खरे. पण नोंदीचा मजकूर पाहिला तर एका ओळीत मावणारा.

शेवटी मेलेल्या झाडांचे. २०१८-१९ सारख्या टँकरच्या वर्षी परसातले एखादे झाड जळते, आणि वहीतली ती ओळ खोडून टाकायचा मोह होतो. खोडू नये. त्याच्यापुढे वाळल्याची तारीख, दिसेल तेवढे कारण आणि लाकडाचे काय केले ते लिहावे : सरपणाला, दाराच्या चौकटीला, की तसेच उभे ठेवले. त्याचा क्रमांक दुसऱ्या झाडाला देऊ नये. तिथे नवे लावले तर त्याला यादीच्या शेवटचा पुढचा क्रमांक द्यावा, आणि शेऱ्यात लिहावे, ‘क्र. ७ च्या जागी’.