योगायोगाचं गणित कुठे चुकतं?

आपल्या हिमोग्लोबिनमधल्या अल्फा साखळीत १४१ अमिनो आम्लं ठरावीक क्रमाने गुंफलेली असतात. प्रत्येक जागेसाठी २० पर्याय. हा क्रम एका फटक्यात जुळण्याची शक्यता एकावर १८३ शून्यं इतक्या प्रयत्नांत एकदा! उत्क्रांती अशक्य आहे, असं म्हणणारे हाच आकडा पुढे करतात. आकडा बरोबर आहे. चूक आहे ती ‘एका फटक्यात’ या गृहीतकात.

मिठाचं उदाहरण घ्या. खाऱ्या पाण्यात सोडियम या धातूचे आणि क्लोरीनचे आयन सुटे फिरत असतात. पाणी आटलं की ते एकाआड एक बसतात. भिंगाखाली खडा धरा, काटकोनी कडा दिसतील. निव्वळ नशिबावर हीसुद्धा रचना अशक्यच ठरेल; पण विद्युत आकर्षण प्रत्येक आयनाला जागा दाखवतं.

मात्र स्फटिकाला वारसा नसतो, सजीवांना असतो. बदल आपोआप घडतात. उपयुक्त बदल टिकतात आणि पुढचा बदल त्यांच्यावर रचला जातो. अमेरिकेत रिचर्ड लेन्स्की यांनी १९८८ मध्ये १२ चंबूंत ई. कोलाय जीवाणू वाढवायला घेतले. सुमारे ३१,५०० पिढ्यांनंतर एका चंबूतले जीवाणू ऑक्सिजन असतानाही सायट्रेटवर जगू लागले. गोठवून ठेवलेल्या जुन्या पिढ्या पुन्हा वाढवल्या, तेव्हा कळलं की आधीच्या बदलांनी वाट तयार केली होती.

म्हणून शक्यता मोजायची ती एका उडीची नव्हे, एकेका पायरीची.