पाखंड
पाखंड : प्रस्थापित धर्ममताच्या, विशेषतः वेदप्रामाण्याच्या, विरुद्ध असलेले मत वा आचार, तसेच धार्मिकतेचे ढोंग. ‘पाखांड’ असेही रूप मराठीत आढळते. मूळ संस्कृत शब्द ‘पाषंड’ असा असून, शुक्ल यजुर्वेदाच्या माध्यंदिन शाखेत व उत्तर भारतात ‘ष’चा उच्चार ‘ख’ असा करण्याची जी पद्धती आहे, तीमुळे ‘पाखंड’ हे रूप रूढ झाले.

शब्दाची व्युत्पत्ती अनिश्चित आहे. ‘पा’ म्हणजे जगाचे पालन करणारा वेदत्रयीचा धर्म व त्याचे खंडन करणारे ते पाखंड, अशी एक पारंपरिक फोड आहे. उलट, पाली टीकाकार तृष्णेचे व मिथ्या दृष्टीचे पाश पसरणारे ते पाषंड, असे सांगतात. दोन्ही व्युत्पत्ती मागाहून रचलेल्या दिसतात. प्रत्येक पक्षाने शब्दात आपला प्रतिपक्षी पाहिला, एवढेच त्यांवरून कळते. परिषद किंवा पार्षद या शब्दांशी त्याचा संबंध जोडण्याचा आधुनिक प्रयत्न त्यांपेक्षा अधिक संभाव्य वाटतो. कारण शब्दाच्या प्राचीन वापरात निंदेचा लेशही नाही.

हा वापर सम्राट अशोकाच्या शिलालेखांत (इ. स. पू. तिसरे शतक) स्पष्ट दिसतो. तेथे ‘पासंड’ म्हणजे कोणताही धर्मसंप्रदाय. सातव्या शिलालेखात सर्व पासंडांनी सर्वत्र वास्तव्य करावे, अशी इच्छा राजाने व्यक्त केली आहे. बाराव्या लेखाचा तर हाच विषय आहे : दानापेक्षा व पूजेपेक्षा सर्व संप्रदायांच्या साराची वृद्धी मोलाची असून वाणीचा संयम हे तिचे मूळ होय, जो स्वसंप्रदायाच्या अभिमानाने इतरांची निंदा करतो, तो स्वसंप्रदायाचीच हानी करतो. कंदाहार येथे १९६३ मध्ये मिळालेल्या या लेखाच्या ग्रीक अनुवादात ‘पासंड’साठी तत्त्वज्ञांच्या पीठाचा वाचक असा ‘दियात्रिबी’ हा शब्द योजलेला आहे. ओरिसातील हाथीगुंफा लेखात जैन धर्माचा आश्रयदाता खारवेल स्वतःला सर्व पाषंडांचा पूजक म्हणवितो. आजच्या अर्थाने वाचल्यास हे बिरुद विपरीतच ठरेल.

शब्दाची अवनती ब्राह्मणी परंपरेच्या ग्रंथांत झाली. मनुस्मृतीनुसार पाषंडी व्यक्तीचा केवळ वाणीनेही सत्कार करू नये (४·३०) व राजाने जुगाऱ्यांबरोबर तिलाही नगराबाहेर घालवावे (९·२२५). पहिल्या श्लोकात पाषंडींच्या जोडीला बकवृत्तीचे व मांजराचे व्रत धारण करणारे दांभिकही आले आहेत. शब्दाला पुढे आलेला ‘ढोंग’ हा अर्थ अशा सहवासातून सुचला असावा. विष्णुपुराणात शतधनू राजाला पाषंडीशी केवळ संभाषण केल्यामुळे श्वानयोनी प्राप्त झाल्याची कथा आहे. तथापि हा बदल सरळ रेषेत झाला नाही. कौटिलीय अर्थशास्त्र पाषंडांना स्मशानाच्या कडेला राहण्यास सांगते आणि अन्यत्र, आश्रमी व पाषंड यांनी एकमेकांस बाधा न आणता राहावे, असेही म्हणते. याज्ञवल्क्यस्मृतीत श्रेणी व नैगम यांच्याबरोबर पाखंडींचेही आचारभेद राजाने रक्षावेत, असा नियम आहे. नारदस्मृतीही त्यांच्या संकेतांना व्यवहारात मान्यता देते. धर्माच्या दृष्टीने त्याज्य ठरलेला समूह न्यायाच्या दृष्टीने संरक्षणीय होता, ही गोष्ट बहुधा दुर्लक्षिली जाते.

कोणास पाखंडी म्हणावे, हे बोलणाऱ्याच्या भूमिकेवर अवलंबून राहिले. कृष्णमिश्राच्या प्रबोधचंद्रोदय (अकरावे शतक) या नाटकात बौद्ध, जैन व कापालिक यांचा उपहास आहे. मराठी संतवाङ्मयात मात्र बाह्य अवडंबर माजविणाऱ्या वेषधाऱ्यांवरही या शब्दाचा रोख वळतो.

ख्रिस्ती धर्मेतिहासातील अधिकृत सिद्धांताविरुद्धच्या मतांसाठी मराठीत हाच शब्द योजला जातो. गोव्यात १५६० मध्ये स्थापन झालेले इन्क्विझिशन हे अशा पाखंडाची चौकशी करणारे न्यायासन होते. त्यातही प्रामुख्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांवर पूर्वीचे आचार चालू ठेवल्याचे आरोप येत. ईशनिंदा मात्र पाखंडाहून भिन्न आहे. तिच्यात देवतेचा अवमान असतो, तर पाखंडात मतभेद. भारतीय दंडसंहितेत १९२७ मध्ये घातलेले कलम २९५ अ व १ जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेले भारतीय न्याय संहितेचे कलम २९९ धार्मिक भावना दुखावण्याच्या बुद्धिपुरस्सर व दुष्ट हेतूने केलेल्या अवमानापुरते आहे. निव्वळ भिन्न मत हा त्यानुसार अपराध नाही.